बँकॉकच्या फूड टूरला गेलेले चौदा जण

आमच्या पातूरच्या कृषी केंद्राचा परवाना माझ्या नावावर आहे. कीटकनाशकं विकायची तर शेतीची नाहीतर रसायनशास्त्राची पदवी लागते, आणि आमचे हे मराठी घेऊन बी.ए. झालेले. मी अकोल्याला कृषीची पदवी घेतली होती, कीटकशास्त्रात तर वर्गात दुसरी आले होते. लग्न झालं तशी माझी पदवी दुकानात गेली आणि मी स्वयंपाकघरात. पदवी काचेच्या फ्रेममध्ये गल्ल्याच्या वर लटकली. दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांना ती यांचीच वाटायची. नाव वाचायला कोणी मान इतकी वर करत नाही.

एका वर्षी एका कंपनीनं योजना काढली. जो विक्रेता तणनाशकाचं टार्गेट पूर्ण करेल त्याला बँकॉकची सहल. यांनी मनावर घेतलं. त्या पावसाळ्यात आमच्या दुकानात कोणी सुतळी मागायला आलं असतं तरी त्याच्या हातात तणनाशकाची बाटली पडली असती. टार्गेट पूर्ण झालं. यांनी पांढरे बूट आणले आणि ते पायाला सवय व्हावी म्हणून आठवडाभर घालून दुकानात बसले.

मग कंपनीच्या साहेबाचा फोन आला. हा साहेब म्हणजे पुण्याचा एक पंचविशीतला मुलगा. तिकीट प्रोप्रायटरच्या नावानंच निघेल म्हणाला. आधीच्या सहलीला एका विक्रेत्यानं आपल्या जागी मेव्हण्याला पाठवलं होतं आणि त्यानं तिथे काहीतरी पराक्रम केला होता, तेव्हापासून हेड ऑफिस कडक झालं होतं.

"आवो साहेब, प्रोप्रायटर म्हंजे मीच की!" हे फोनवर ओरडले.

"सर, कागदावर मॅडम आहेत."

"कागदावर हायेत ना? मंग? बँकॉकले कागद जाऊन राह्यला काय?"

साहेब म्हणाला, हो, तसंच समजा.

हे तिकीट रद्दच करायला निघाले होते. सासूबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कुठी हाय थे बँकॉक?"

"थायलंडात," मी म्हटलं.

"म्हंजे बुद्धाचाच देश ना?"

"हो."

"मंग तिले जाऊ दे," त्या यांना म्हणाल्या. "तू जाऊन कोणतं विहार पाह्यनार होता? लोक तिथी जाऊन काय पाह्यतात थे मले समजते. मी काही आजची नाई."

यांनी बुटांकडे पाहिलं. पासपोर्ट आमचा दोघांचा एकदमच काढलेला होता, त्यामुळे तीही अडचण सांगता येईना. अशी मी निघाले.

नागपूरच्या विमानतळावर चौदा विक्रेते जमले होते आणि पंधरावी मी. बाई कोणीच नव्हती. साहेबानं सगळ्यांना कंपनीच्या हिरव्या टोप्या वाटल्या. त्यांच्यावर तणनाशकाचं नाव एवढं मोठं होतं की वाचायला अर्धं डोकं फिरवावं लागायचं. सगळ्यांचे पुढारी होते धामणगाव रेल्वेचे एक विक्रेते. देह भरलेला, आवाज त्याहून भरलेला. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग साहेबाला बाजूला घेतलं. परत आले तेव्हा चेहरा पडलेला होता.

"या, वहिनी," ते म्हणाले. "बरं झालं आल्या तुमी."

त्यांना किती बरं वाटलं होतं ते पुढचे दोन दिवस दिसलंच. बसमध्ये मागच्या सीटवर हसण्याचा स्फोट व्हायचा, मी वळून बघितलं की सगळे एकदम खिडकीबाहेरची झाडं मोजायचे. मी काही बोलत नव्हते. तरी माझ्यामुळे चौदा प्रौढ माणसं जिल्हा परिषदेच्या शाळेत तपासणी आल्यासारखी वागत होती. हत्ती पाहिले, मगरी पाहिल्या, विहार पाहायला अर्धा तास मिळाला. त्यातली वीस मिनिटं भाऊंचा चष्मा शोधण्यात गेली. चष्मा डोक्यावर होता.

तिसऱ्या संध्याकाळचा कार्यक्रम होता 'रात्रीचं बँकॉक: तुकतुकमधून फूड टूर'. तुकतुक म्हणजे तिथली रिक्षा. सहाला हॉटेलच्या खाली जमायचं ठरलं होतं. मी पावणेसहालाच येऊन बसले. सहाला साहेब आला, हातात यादी. सव्वासहापासून एकेक विक्रेता लिफ्टमधून उतरायला लागला आणि प्रत्येकजण एकेक आजार सांगायला लागला. एकाचा गुडघा धरला होता. दुसऱ्याला जुलाब. अकोटच्या एकाला मुलीसाठी बाहुली घ्यायची होती, ती इतकी मोठी असावी की आणायला सहा जण लागणार होते. भाऊ सगळ्यात शेवटी आले.

"वहिनी, मले गॅस झाला," ते पोटावर हात ठेवून म्हणाले. "तुमी जा आरामानं. पाहून या. खाऊन या."

गॅस झालेल्या माणसानं एवढं अत्तर लावलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. दहा मिनिटांत सगळे आजारी एकाच दिशेनं, आणि तेही बऱ्यापैकी वेगानं, चालत गेले. ज्याचा गुडघा धरला होता तो सगळ्यांत पुढे होता.

साहेब रडायच्या बेतात आला. "मॅडम, पंधरा जणांचं जेवण आधीच सांगितलंय. पाच तुकतुक आल्यात. आणि हेड ऑफिसला फोटो पाठवायचाय, सगळे डीलर्स जेवताना."

बाहेर खरंच पाच तुकतुक उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढे आमची गाईड. बाई पन्नाशीची असावी, बुटकी, केस आखूड, पायात कापडी बूट. तिनं पंधरा मोजायला बोट वर केलं आणि एकावर थांबली. तिला थोडं इंग्रजी येत होतं, मला थोडं येत होतं. आमच्या दोघींचं मिळून एक बरं इंग्रजी झालं.

"बाकीचे?" तिनं विचारलं.

"सिक," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे."

तिनं चौदा जण गेले त्या रस्त्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. हा आजार तिच्या ओळखीचा असावा.

पहिल्या तुकतुकमध्ये मी आणि गाईड, दुसरीत साहेब, आणि मागे तीन रिकाम्या. पैसे भरलेले होते म्हणून त्याही आल्या. अशी आमची वरात बँकॉकमधून निघाली. तुकतुकला बाजू नसतात. वारं तोंडावर येत होतं, वर विजेच्या तारांचे गुंते, दुतर्फा लाल-पिवळ्या चिनी अक्षरांच्या पाट्या, आणि फुटपाथवर जिकडे पाहावं तिकडे कढया. मी त्या वेळी बेचाळीस वर्षांची होते. अंधार पडल्यावर, सासर-माहेरचं कोणीच सोबत नसताना, मी इतका वेळ घराबाहेर कधीच नव्हते. मला मोठ्यानं हसू आलं. गाईड म्हणाली, "गुड?" मी म्हटलं, "व्हेरी गुड."

पहिल्या ठिकाणी फुटपाथवर लोखंडी टेबलं जोडून पंधरा स्टुलं मांडलेली होती. स्वयंपाकी कढईत एक हिरवी भाजी टाकत होता आणि जाळ पुरुषभर वर उठत होता. मी जवळ जाऊन बघितलं. पोकळ देठ, लांबट पान. नाळीची भाजी होती. आमच्याकडे ही तळ्याकाठी उगवते, आणि आमच्या तणनाशकाच्या बाटलीवर ज्या वेलींची चित्रं छापलेली असतात त्यातली एक हिची सख्खी चुलत बहीण. ज्या वेलीचा नायनाट करून मी बँकॉकला आले होते, तिच्याच बहिणीची भाजी लसूण-मिरची घालून माझ्यापुढे येत होती. मला आमच्या आईची आठवण झाली. ती बांधावरून तरोटा खुडून आणायची, घोळ आणायची. आता बांधावर काही उगवत नाही. आम्ही उगवू देत नाही.

मी दोन ताटल्या खाल्ल्या.

पण आल्या होत्या आठ. साहेब शाकाहारी होता. भाजीत मासळीचं पाणी पडतं हे समजल्यावर त्यानं बिस्किटाचा पुडा काढला. मी मागे वळले. पाच तुकतुकवाले आपापल्या गाड्यांना टेकून उभे होते.

"यांना बसव ना," मी गाईडला म्हटलं.

ती आधी नाही नाही म्हणाली. मग तिनं हाक मारली आणि पाचही जण येऊन बसले. शेजारच्या दुकानात सामान उतरवणारे चार हमाल होते, तेही आले. साहेबाच्या डोळ्यात एकदम चमक आली. त्यानं बॅगेतून उरलेल्या हिरव्या टोप्या काढल्या.

"मॅडम, यांना पाठमोरं बसायला सांगा."

मी गाईडला सांगितलं. तिनं त्यांना सांगितलं. ते खूप हसले, पण टोप्या घालून रस्त्याकडे पाठ करून बसले. रस्त्यावरून जाणाऱ्या आणखी काही लोकांनाही टोपी फुकट आहे म्हटल्यावर भूक लागली. चौदा पाठी भरल्या. मी एकटी कॅमेऱ्याकडे तोंड करून. साहेबानं फोटो काढला, वर 'आमचे विजेते विक्रेते थाई पदार्थांचा आस्वाद घेताना' असं लिहून जागेवरूनच हेड ऑफिसला पाठवला आणि आयुष्यात प्रथमच सुखानं बिस्कीट खाल्लं.

पुढे एका बाईनं कच्ची पपई, मिरच्या आणि शेंगदाणे उखळीत कुटून दिले. गाईडनं तिला सांगितलं, पाहुणी आहे, मिरची एकच टाक. मी म्हटलं, सहा टाक. बाईनं सहा टाकल्या आणि मी खाईपर्यंत मुसळ हातात धरून बघत राहिली. मला घाम आला, नाक वाहिलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा जेवल्यासारखं वाटलं.

मग किड्यांची गाडी आली. तळलेले नाकतोडे, रेशीमकिड्यांचे कोष, बांबूतल्या पांढऱ्या अळ्या. मी एकेकाचं कूळ सांगायला लागले, लॅटिन नावांसकट. वीस वर्षं ती नावं कोणी विचारली नव्हती आणि ती माझ्या तोंडात जशीच्या तशी होती. गाईड थक्क झाली.

"तू काय काम करते?" तिनं विचारलं.

आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. त्याच सवयीनं मी म्हटलं, "मेडिसिन विकते."

"माणसांचं?"

"किड्यांचं."

"ते आजारी असतात?"

"नाही," मी म्हटलं. "मारायचं मेडिसिन."

तिनं गाडीवाल्याला थाईमध्ये काहीतरी सांगितलं. गाडीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नाकतोड्यांचा ट्रे हळूच आपल्याकडे ओढला. शेवटी मी एक विकत मागितला तेव्हा कुठे त्यानं दिला. खमंग होता. पाय दातात अडकतात, एवढंच.

परत येताना वाटेत एक मोठं विहार लागलं, दिव्यांनी उजळलेलं. गाईडनं गाडी थांबवली, उतरून हात जोडले. मीही पायातल्या चपला काढून हात जोडले, मनातल्या मनात त्रिसरण म्हटलं. ती माझ्याकडे बघत होती.

"इंडिया? बुद्धिस्ट?" तिला पटेना. भारतातून बुद्ध केव्हाच गेला असं तिला कोणीतरी शिकवलं असावं.

माझ्या आजोबांची दीक्षा, नागपूर, सगळं सांगायचं होतं, पण आमच्या त्या जोडइंग्रजीत ते बसेना. मी म्हटलं, "वी वेंट आउट. वी केम बॅक."

आम्ही बाजारात जाऊन आलो असावं अशा सहजपणे तिनं मान डोलावली. निरोप घेताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. मी तिला माझी टोपी द्यायला लागले तर तिनं तेवढी मात्र घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला भाऊ माझ्या टेबलावर येऊन बसले. डोळे लाल. मागोमाग बाकीचे तेरा जण खुर्च्या ओढून आले.

"वहिनी, रात्री कोणी काय काय खाल्लं?" भाऊंनी हळू आवाजात विचारलं.

"मी खाल्लं. तुम्हाला तर गॅस होता."

"थे झालंच. पण काय हाय, घरी फोटो गेला ना. साहेबानं व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला. आता बायको इचारून राह्यली का काय खाल्लं म्हून."

म्हणून मी शिकवणी घेतली. त्यांनी हॉटेलचे कागदी रुमाल पुढे ओढले, पेनं काढली. मी पदार्थ सांगत गेले, ते लिहीत गेले. पपईत शेंगदाणे असतात की खोबरं, यावर दोघांचं भांडण झालं. मी सगळं खरं सांगितलं, फक्त एक गोष्ट वाढवली. नाकतोडे प्रत्येकानं बारा-बारा खाल्ले, असं सांगितलं.

"बारा?" अकोटचा म्हणाला. माणूस माळकरी होता.

"गाईड पाहत होती ना. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं."

त्यांनी बारा लिहून घेतले.

महिन्याभरानं कंपनीनं अकोल्याच्या एका हॉटेलात विजेत्यांचा सत्कार ठेवला, या वेळी सहकुटुंब. आमचे हे पांढरे बूट घालून आले. भिंतीवर तो फोटो चादरीएवढा करून लावलेला होता. बायका त्याच्यापुढे गर्दी करून उभ्या. अकोटच्या वहिनी एका हमालाच्या पाठीवर बोट ठेवून सांगत होत्या, "हे आमचे. बारीक झालते तिथी." दुसरीनं तिसऱ्या तुकतुकवाल्याला नवरा म्हणून ओळखलं. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, पण मी पाणी प्यायले. माळकरी अकोटवाल्याला त्याच्या बायकोनं बारा नाकतोड्यांपायी सात दिवस चुलीजवळ येऊ दिलं नव्हतं. तो माझ्याकडे असा बघत होता की मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

मग बायका माझ्याभोवती जमल्या. टूर म्हणजे नेमकं काय असतं, त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं: गाडीत बसायचं, रात्री शहर फिरायचं, एका ठिकाणी थोडं खायचं, मग पुढच्या ठिकाणी जायचं. स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, कोणाला वाढायचं नाही.

"एवढंच?" धामणगावच्या वहिनींनी विचारलं. "मंग त्याले बँकॉक कायले पायजे? अमरावती काय वाईट हाय?"

तारीख तिथंच ठरली. जी गोष्ट नवऱ्यांनी स्वतः परदेशात जाऊन केली, तिला ते नाही कसं म्हणणार? भाऊ एवढंच म्हणाले, "रात्री कायले? दुपारी जा ना." त्यावर वहिनी म्हणाल्या, "दुपारी थे टूर नाई होत. तुमीच सांगतलं."

आम्ही सहा जणी अकोल्याहून गाडी करून निघालो, धामणगावच्या वहिनी अमरावतीला येऊन मिळाल्या. गाईड मी. राजकमल चौकाजवळ उतरलो, तिथून गिल्या वड्याच्या गाडीवर. आम्ही सात बायका उभ्या राहिलेल्या पाहून गाडीवाल्यानं पिशव्या काढायला सुरुवात केली.

"पार्सल किती, ताई?"

"पार्सल नाई," मी म्हटलं. "इथीच. प्लेटीत."

तो आमच्या मागे बघायला लागला, माणसं येताहेत का म्हणून. कोणी येईना तसा त्यानं फडकं घेऊन बाकडं पुसलं. दह्यात भिजलेले वडे, वर तिखट चटणी. अकोटच्या वहिनी म्हणाल्या, लग्नाला अठरा वर्षं झाली, पण गिला वडा नेहमी घरी आणलेला खाल्ला, सगळ्यांचं झाल्यावर उरलेला, तोवर त्याचं दही आंबट झालेलं. इथे गाडीवर वड्यावरचं दही थंड असतं, हे त्यांना आजच समजलं.

दुसऱ्या ठिकाणी पाटवडीचा रस्सा, तिसऱ्या ठिकाणी कढी-आलूबोंडा. मी प्रत्येक ठिकाणी थोडी माहिती देत होते, नाही आली तिथे रचून देत होते. तेवढ्यात फोन सुरू झाले. धामणगावच्या वहिनींनी भाऊंचा फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"कुठी हायस? कवा येतं?"

"टूर चालू हाय. आणखी एक स्टॉप बाकी हाय."

"मी काय खाऊ?"

"बारा नाकतोडे खा," वहिनी म्हणाल्या आणि फोन बंद केला.

सगळ्या इतक्या हसल्या की गाडीवाल्याच्या हातातली कढी सांडली. त्या हशातच वहिनी माझ्या कानाशी आल्या.

"वहिनी, सव्वीस वर्षं झाले मी थे पाठ चोळून राह्यली. फोटोतली एकही पाठ त्यायची नाई, हे मले पह्यल्याच दिवशी समजलं."

"मग बोलल्या का नाही?"

"बोलली असती तर आज अथी येऊ देलं असतं काय?" त्यांनी आणखी एक आलूबोंडा उचलला.

परतताना त्या धामणगावकडे गेल्या, आमची गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली. मूर्तिजापूरपर्यंत मागच्या सगळ्या झोपल्या. अकोटच्या वहिनी माझ्या शेजारी जाग्या होत्या.

"पासपोर्ट काढाले काय काय लागते वो?" त्यांनी मधेच विचारलं.

मी सांगितलं: आधार, जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा. अकोल्यातच काम होतं.

"अन् घरच्यायची परवानगी?"

"लागत नाही."

"लागतच नाई?"

"नाही."

त्यांनी मागे वळून झोपलेल्या बायकांना एकेक करून हलवलं.

"अवो, उठा. ऐका ह्या काय सांगून राह्यल्या."